चषक राहिला, नौका गेली

सुरईच्या घाटाचा चांदीचा एक चषक. उंची सुमारे सत्तावीस इंच, अंगावर भरगच्च नक्षी; पण त्याला बूडच नाही! पाणी ओतावे तर खालून वाहून जावे. लंडनच्या गॅरार्ड या सुप्रसिद्ध पेढीत १८४८ साली घडविलेला हा बिनबुडाचा चषक न्यूयॉर्क यॉट क्लबने इतका जिवापाड जपला, की तो चक्क बोल्टांनी जागेवर जखडून ठेवला होता. ‘अमेरिकाज कप’ हे त्याचे नाव. हे नाव देशावरून पडले असावे असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ते पडले एका नौकेवरून. त्या नौकेच्या नशिबी मात्र अशी जपणूक नव्हती.

१८५१ साली लंडनमध्ये जगातील उद्योगांचे मोठे प्रदर्शन भरले. त्या निमित्ताने आपले नौकाबांधणीचे कसब इंग्रजांना दाखवावे, असे न्यूयॉर्क क्लबचे प्रमुख जॉन कॉक्स स्टीव्हन्स व त्यांच्या स्नेह्यांनी ठरविले. जॉर्ज स्टीअर्स या तरुण कारागिराने आराखडा केला आणि दोन डोलकाठ्यांची ‘अमेरिका’ पाण्यात उतरली. करार असा होता, की नौका सर्वांहून वेगवान ठरली तरच तीस हजार डॉलर द्यावयाचे. चाचणीत ती स्टीव्हन्स यांच्याच ‘मारिया’ या नौकेकडून हरली, आणि अखेर वीस हजारांत सौदा झाला!

अटलांटिक ओलांडून ती इंग्लंडच्या काउझ बंदरात आली, तेव्हा जाणकार चकित झाले. तेथील नौकांची नाळ बोथट व फुगीर असे आणि मागची बाजू निमुळती. ‘अमेरिके’ची नाळ उलट सुरीसारखी धारदार होती आणि तिची रुंदी मध्यभागी व मागे होती. शिडांतही फरक होता. इंग्रजांची जवसाच्या धाग्याची हातमागावरील शिडे वाऱ्याने पोत्यासारखी फुगत. विणीतून वारा निसटू नये म्हणून त्यांवर पाणी मारावे लागे. ‘अमेरिके’ची यंत्रमागावरील सुती शिडे फळीसारखी ताठ राहत. स्टीव्हन्स यांनी दहा हजार गिनींपर्यंत पैज लावण्याची तयारी दाखविली. पण कोणी पुढे येईना.

अखेर २२ ऑगस्ट १८५१ रोजी वाइट बेटाला प्रदक्षिणा घालण्याची शर्यत झाली. ‘अमेरिका’ नांगरावरून सुटली ती सर्वांच्या मागून. पण रात्री साडेआठच्या सुमारास ‘ऑरोरा’ या ब्रिटिश नौकेला सुमारे आठ मिनिटांनी मागे टाकून तीच प्रथम आली. एका दीपनौकेला बाहेरून वळसा न घालता ती आतून गेल्याची तक्रार झाली. पण नियमच संदिग्ध असल्याने ती टिकली नाही.

विजयानंतर थोड्याच दिवसांत मालकांनी नौका पाच हजार पौंडांस विकून टाकली आणि चषक घेऊन ते घरी परतले. १८५७ मध्ये त्यांनी तो चषक देशोदेशींच्या क्लबांना कायम आव्हानासाठी खुला ठेवावा, या अटीवर आपल्या क्लबला दिला.

नौकेचे भोग आता सुरू झाले. इंग्लंडमध्ये तिचे लाकूड कुजले आणि ती जवळजवळ नव्याने बांधावी लागली. अमेरिकेच्या यादवी युद्धात ती दक्षिणेच्या हाती गेली. शत्रूला मिळू नये म्हणून १८६२ साली तिला फ्लोरिडातील एका खाडीत बुडविण्यात आले. उत्तरेच्या आरमाराने तिला वर काढून तीन तोफा चढविल्या आणि शत्रूच्या बंदरांच्या नाकेबंदीला जुंपले. युद्धानंतर ती नौदलाच्या विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी वापरली जाऊ लागली. १८७० साली चषकासाठी झालेल्या पहिल्या शर्यतीत उतरून या म्हातारीने चौथा क्रमांक पटकावला! १८७३ मध्ये बेंजामिन बटलर या माजी सेनापतीने ती विकत घेतली. १८९३ साली तो वारला. पुढे हात बदलत १९२१ मध्ये ती अ‍ॅनापोलिसच्या नौदल प्रबोधिनीकडे आली.

चांदीला अधूनमधून पुसले की भागते. लाकडाचे तसे नाही. सांधे बुजविणे, रंग देणे, कुजकी फळी बदलणे, हे सारे वर्षानुवर्षे करावे लागते. त्यासाठी लागणारा पैसा व सवड कोणी दिली नाही. १९४२ च्या मार्चमध्ये मोठी हिमवृष्टी झाली, तिच्यावरील छप्पर बर्फाच्या भाराने कोसळले आणि खालची नौका चिरडली. १९४५ मध्ये उरलेसुरले अवशेषही मोडून टाकण्यात आले. रणात तोफांखाली जी वाचली, ती घरच्या छपराखाली गेली.

चषक तेवढा बोल्टांत सुरक्षित होता. १९८३ साली ‘ऑस्ट्रेलिया टू’ने तो जिंकला आणि १३२ वर्षांनी तो प्रथमच अमेरिकेबाहेर गेला. जुन्या आराखड्यांवरून १९६७ मध्ये ‘अमेरिके’ची प्रतिकृती बांधण्यात आली होती, पण मूळ नौकेची फळी न् फळी तोपर्यंत केव्हाच नाहीशी झाली होती. शिलेदाराचा तुरा पेटीत जपून ठेवावा आणि ज्याच्या पाठीवरून तो मिळविला, त्या घोड्याला चारा घालायचे विसरावे, तसे हे झाले. आपल्याही घरांत असे तुरे असतात. त्यांच्या शेजारी घोड्याची आठवण निघते का, एवढे एकदा पाहावे.