आघात एकाला, उपचार घराला

रास अल खोर म्हटलं की दुबईकरांना फ्लेमिंगो आठवतात, नाहीतर गॅरेजं आणि गोदामं. मला तिथल्या एका गोदामात काम करणारे ओळखीचे काका आठवतात. दोन वर्षांपूर्वी कामावर जाताना त्यांच्या डोळ्यांदेखत पुढची गाडी ट्रकखाली गेली. काकांना खरचटलंही नाही. पण तेव्हापासून त्यांनी तो रस्ता सोडला. काकूंनी विषय बंद केला. मुलीनं गाड्यांच्या पाठलागाचे सिनेमे लावणं थांबवलं. सगळे आपापल्या परीनं त्यांना सांभाळून घेत होते. वर्ष उलटलं तरी काकांची झोप परतली नाही.

यात घरच्यांचं काय चुकलं, असं तुम्ही विचाराल. चूक कुणाचीच नाही, पण मेंदू कसा शिकतो ते पाहायला हवं.

धोक्याच्या क्षणी मेंदूतला अमिग्डला हा बदामाच्या आकाराचा भाग गजर वाजवतो. त्या क्षणीचे आवाज, वास, जागा यांची धोक्याशी गाठ बसते. पुढे तीच जागा पुन्हा पुन्हा सुखरूप अनुभवली, की ‘इथे आता धोका नाही’ अशी नवी नोंद होते आणि कपाळामागचा भाग गजर आवरू लागतो. जुनी आठवण पुसली जात नाही, तिच्याशेजारी नवी येऊन बसते. पण जागाच टाळली, तर नवी नोंद होणार कशी? टाळल्यावर हायसं वाटतं, आणि त्यामुळेच टाळण्याची सवय पक्की होते. प्रसंग डोळ्यांपुढे येत राहणं, टाळणं, मन उदास होणं, सतत दचकणं ही लक्षणं महिन्याहून जास्त टिकली आणि रोजचं जगणं अडू लागलं, तर त्याला पीटीएसडी म्हणतात.

आपल्याकडचं उदाहरण किल्लारीचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले असताना भूकंप झाला. दगडमातीच्या जड भिंती कोसळल्या आणि हजारो माणसं गेली. वाचलेल्यांपैकी अनेकांना नंतर छताखाली झोपणं नको वाटे. या भूकंपाच्या मानसिक-सामाजिक परिणामांवर आयसीएमआरचं संशोधन झालं, त्याचे प्रमुख होते डॉ. मोहन आगाशे. होय, ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना फडणवीस, ते मानसोपचारतज्ज्ञ आहेत. आता विचार करा: अख्खं घर एकच गोष्ट टाळत असेल, तर ‘चला, आज आत झोपून बघू’ म्हणणार कोण?

म्हणून काही संशोधकांनी उपचारात घरच्यांनाच सामील करून घेतलं. टोरांटोच्या कॅन्डिस मॉन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली ‘जामा’ या नियतकालिकात ४० जोडप्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येक जोडप्यात एकाला पीटीएसडी होता. दोघांनी मिळून टाळण्याच्या गोष्टी ओळखायच्या, त्यांना थोडं थोडं सामोरं जायचं आणि एकमेकांशी बोलायला शिकायचं, असा हा उपचार. वाट पाहणाऱ्या गटापेक्षा उपचार घेतलेल्यांची लक्षणं स्पष्टपणे कमी झाली, आणि त्यांना आपलं नातंही अधिक समाधानाचं वाटू लागलं. प्रयोग लहान होता आणि तुलना वाट पाहणाऱ्यांशी होती. त्यामुळे एकट्यानं घेतलेल्या उपचारापेक्षा हा सरस आहे, असं त्यावरून म्हणता येत नाही. शिवाय घरात मारहाण होत असेल, तर एकत्र बसवणं धोक्याचं ठरू शकतं. तिथे आधी सुरक्षितता.

परदेशात आपलं घर लहान असतं. आजी-आजोबा फोनवर, आणि त्यांनाही ‘सांगू नकोस, काळजी करतील’ म्हणून काही कळवायचं नाही. सांभाळून घेणारी माणसं दोन-तीनच, तीही गप्प. तुमच्या घरात असा एखादा बंद विषय असेल, तर जबरदस्तीनं उकरू नका. ‘तुम्ही तो रस्ता टाळता हे मला कळतंय. आपण दोघं मिळून कुणाला तरी भेटू या का?’ एवढं विचारा. आणि जीव नकोसा झाल्याची भाषा ऐकू आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

काका-काकू समुपदेशकाकडे एकत्र गेले. आधी रस्त्याबद्दल नुसतं बोलणं, मग रविवारच्या पहाटे काकू शेजारी बसून अर्धा रस्ता, मग पूर्ण. या हिवाळ्यात दोघं फ्लेमिंगो बघून आले. ट्रकचा हॉर्न वाजला की काका अजून दचकतात. फक्त आता ते काकूंना तसं सांगतात.