चावडी : आपल्या गावातली आणि पार्सिपनीतली



मराठी गोष्टींत 'चावडी' हा शब्द बऱ्याचदा येतो. पाटील चावडीवर बसतात, माणसे चावडीवर जमतात. पण चावडी म्हणजे नक्की काय? कचेरी? कोर्ट? की धर्मशाळा? उत्तर असे, की थोडेथोडे हे सगळेच!

चावडी म्हणजे साऱ्या गावाची मिळून असलेली बसायची जागा. ती बहुधा गावाच्या मध्यावर किंवा वेशीजवळ असे. दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब आणि पुढची बाजू मोकळी. पाटील तिथे बसून शेतसारा, म्हणजे जमिनीवरचा कर, गोळा करीत. कुलकर्णी त्याचा हिशेब लिहीत. भांडणतंटे तिथेच ऐकले जात आणि सरकारचे हुकूम तिथेच वाचून दाखवले जात. वाटसरूही रात्री तिथे पथारी टाकीत. आता हिशेब तलाठ्याच्या कार्यालयात असतो, तरी जमिनीच्या नोंदी गावकऱ्यांसमोर वाचून दाखवण्याला अजून 'चावडी वाचन'च म्हणतात.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. चावडी साऱ्या गावाची म्हटली, तरी तिथे सगळ्यांना सारखा मान नव्हता. दलितांना पायरीखाली उभे राहावे लागे आणि बायकांना तर तिथे बसायची मुभाच नसे. जुनी वास्तू जपायची, तर तिची ही आठवणही जपायला हवी.

शिर्डीची चावडी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. साईबाबा एक रात्र मशिदीत आणि दुसरी रात्र चावडीत झोपत. त्यांच्यामुळे ती चावडी नीट राखली गेली. पण ज्या चावडीत कोणी संत राहिला नाही, तिचे काय? अनेक गावांत ती पाडून तिथे सिमेंटची इमारत उभी राहिली. किल्ल्याला राजाचे नाव असते, देवळाला देवाचे. चावडीला फक्त गाव असते. गावाने लक्ष दिले नाही, तर ती जाते.

आता आपल्या पार्सिपनीत येऊ. रूट १० वर मॅनर लेनच्या वळणाला 'क्राफ्ट्समन फार्म्स' आहे. गुस्ताव्ह स्टिकली नावाचे गृहस्थ साधे, मजबूत लाकडी फर्निचर बनवण्यासाठी प्रसिद्ध होते. हाताने केलेल्या चांगल्या कामाला मान मिळावा म्हणून ते 'द क्राफ्ट्समन' नावाचे मासिकही काढीत. १९०८ पासून त्यांनी इथे जमीन घ्यायला सुरुवात केली. इथे शेती करावी आणि मुलांना हातांनी काम करायला शिकवणारी शाळा काढावी, असे त्यांच्या मनात होते. तिथले कामगार, विद्यार्थी आणि पाहुणे यांना एकत्र बसण्या-जेवण्यासाठी त्यांनी ओंडक्यांचे एक मोठे घर बांधले. म्हणजे एक प्रकारची चावडीच!

हे 'लॉग हाऊस' १९११ मध्ये तयार झाले. त्याचे चेस्टनटचे ओंडके आणि दगड त्याच जमिनीवरचे. पुढे एका बुरशीच्या रोगाने अमेरिकेतली चेस्टनटची जंगले नष्ट झाली. म्हणजे उद्या कोणी म्हटले, 'पाडा, पुन्हा तसेच बांधू', तर ते लाकूड आणणार कुठून?

पण स्टिकलींचा बेत तडीला गेला नाही. शाळा निघालीच नाही आणि त्या घरात त्यांचेच कुटुंब राहू लागले. १९१५ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले आणि १९१७ मध्ये जागा विकली गेली. १९८० च्या दशकाच्या शेवटी त्या जमिनीवर टाऊनहाऊस बांधण्याची योजना आली. तेव्हा इथले रहिवासी जागे झाले. त्यांनी आवाज उठवला. १९८९ मध्ये पार्सिपनी-ट्रॉय हिल्स टाऊनशिपने आपला कायदेशीर अधिकार वापरून जागा ताब्यात घेतली. सार्वजनिक कामासाठी योग्य मोबदला देऊन खासगी जमीन घेण्याचा हा अधिकार आहे. भारतात त्याला भूसंपादन म्हणतात. १९९० मध्ये ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झाली. आज तिथे संग्रहालय आहे. सर्वांनी जमावे म्हणून बांधलेले घर सर्वांसाठी उघडायला इतकी वर्षे लागली, आणि ते उघडले गावकऱ्यांमुळे.

पालकहो, एखाद्या शनिवारी-रविवारी मुलांना तिथे जरूर न्या. मोठ्या दिवाणखान्याच्या दोन टोकांच्या दोन शेकोट्या दाखवा आणि त्यांच्याभोवती किती माणसे बसू शकतील, ते मुलांनाच मोजू द्या.

घरचा अभ्यास : या आठवड्यात आजी-आजोबांना फोन कराल तेव्हा तीन प्रश्न विचारा. आपल्या गावात चावडी होती का? तिथे कोण बसत असे आणि कोणाला बसू देत नसत? आज त्या जागी काय आहे? उत्तरे मराठीत पाच-सहा ओळींत लिहून आणा. आजी-आजोबांना जे आठवते ते कुठल्याही पुस्तकात नसेल, म्हणून नीट ऐका आणि लगेच लिहून ठेवा.