ओव्हनशिवाय चॉकलेट-ओट्सचे लाडू आणि वड्या

बिस्किट ताठ उभे राहते ते ओव्हनच्या आचेमुळे. पिठातले पाणी उडून जाते, अंडे घातलेले असेल तर ते गोठते आणि विरघळलेली साखर गार होताना कडक होते. ओव्हनशिवाय केलेल्या चॉकलेट-ओट्सच्या लाडवांना ही मदत मिळत नाही. त्यातून पदार्थ व्हीगन करायचा, म्हणजे लोणी, तूप, दूध, कंडेन्स्ड मिल्क आणि मध हेही वर्ज्य. उरतात ते ओट्स, कोको, दाणे, खजूर, गूळ किंवा साखर आणि खोबरेल तेल. हे एकमेकांना धरून राहतील कसे, हाच या पदार्थातला खरा प्रश्न आहे आणि कृतीची प्रत्येक पायरी त्याच्याशीच बांधलेली आहे.

अमेरिकेतल्या घरांत साखर, दूध, लोणी आणि कोको एकत्र उकळून त्यात ओट्स व पीनट बटर घालतात आणि मिश्रण चमच्याचमच्याने कागदावर टाकून थिजवतात. स्वीडनमध्ये ओट्स, लोणी, साखर, कोको आणि थोडी कडक कॉफी एकत्र मळून गोळे वळतात, ते खोबऱ्याच्या किसात किंवा जाड साखरेत घोळवतात; 11 मे हा तिथे या चॉकलेटच्या गोळ्यांचा दिवस मानला जातो. दोन्हीकडचा मूळ पदार्थ लोण्यावर उभा आहे. व्हीगन रूपात लोण्याची जागा खोबरेल तेल आणि दाण्यांतले तेल घेते. मराठी स्वयंपाकघराला ही गोष्ट नवी नाही. भाजलेल्या दाण्यांचे कूट आणि गूळ एकत्र कुटून वळलेला उपासाचा लाडू दुधातुपाशिवायच होतो आणि चूल लागते ती दाणे भाजण्यापुरती.

मिश्रण बांधून ठेवण्याचे तीन मार्ग आहेत: गार झाल्यावर थिजणारे तेल किंवा कोको बटर, खजुरासारखा चिकट गर आणि साखरेचा पाक. यातला कोणता निवडायचा हे हवा ठरवते. खोबरेल तेल सुमारे 24 अंश सेल्सिअसला वितळते. थंड देशांत घरातले तापमान याच्या खाली असते, म्हणून तिथल्या पाककृती केवळ खोबरेल तेलावर विसंबतात आणि ते जमतेही. पुण्यानाशकात डिसेंबर-जानेवारीत तेल बाटलीत गोठते, तेव्हा तशी वडी इथेही टिकते. मुंबईत मात्र ती फ्रिजबाहेर काढल्यावर थोड्याच वेळात बोटांना तेल लावते. कोको बटर जरा वर, 34 अंशांच्या आसपास वितळते. विदर्भातल्या मे महिन्यापुढे त्याचाही निभाव लागत नाही. खजुराचा गर तापमानाने वितळत नाही. आपल्याकडच्या बाराही महिन्यांसाठी म्हणून खजूर आणि दाण्यांचे मिश्रणच भरवशाचे.

ओट्स निवडताना पाकिटावरचा प्रकार पाहावा. रोल्ड ओट्स म्हणजे सोललेला दाणा वाफवून रुळांमधून चेपून काढलेला, जाड पोह्यांसारखा. वाफवताना दाण्यातली, त्यातल्या तेलाला खवट करणारी विकरे निष्क्रिय होतात, म्हणून हे ओट्स न शिजवता खाल्ले तरी कच्चे लागत नाहीत. इन्स्टंट ओट्स जास्त पातळ चेपलेले असतात. ते मिश्रण पटकन शोषतात, पण लाडू पिठूळ होतो. दाण्याचे नुसते तुकडे केलेले स्टील-कट ओट्स इथे चालत नाहीत. ते शिजवल्याशिवाय मऊ पडत नाहीत आणि दाताखाली खड्यासारखे येतात.

कोको पावडर आणि ड्रिंकिंग चॉकलेट या दोन निराळ्या वस्तू आहेत. ड्रिंकिंग चॉकलेटमध्ये साखर भरपूर असते आणि काहींत दुधाची पावडरही. लाडवाला हवी ती निव्वळ, बिनसाखरेची कोको पावडर. डच शास्त्रज्ञ कोनराड व्हॅन हाउटेन याच्या नावाशी जोडलेली 1828 ची दाबयंत्राची पद्धत आजच्या कोको पावडरीच्या मुळाशी आहे. कोकोच्या लगद्यातले बरेचसे कोको बटर पिळून काढल्यावर उरलेली पेंड दळली की ही पावडर मिळते. तिच्यावर क्षारांची प्रक्रिया केली की रंग गडद होतो आणि आंबटपणा कमी होतो. भाजलेल्या दाण्यांच्या जोडीला ही गडद पावडर जास्त शोभते. लाडवात बेकिंग सोडा नसल्यामुळे दोन्हींपैकी कोणतीही चालते.

व्हीगन पाळणाऱ्यांनी हिरव्या ठिपक्यावर थांबू नये. भारतातले ते चिन्ह शाकाहाराचे आहे आणि त्यात दूध बसते. व्हीगन पदार्थांसाठी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2022 मध्ये वेगळे नियम आणि वेगळे चिन्ह आणले. ते चिन्ह नसेल तर घटकांची यादी वाचणे हाच उपाय. डार्क चॉकलेट म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक लाद्यांत दुधाचे घनपदार्थ किंवा दुधाचे फॅट असते. खोबरेल तेलही खाद्य म्हणून विकले जाणारेच घ्यावे. केसांना लावायचे सुवासिक तेल स्वयंपाकात आणू नये.

खजुराच्या लाडवांसाठी 200 ग्रॅम ओट्स, 200 ग्रॅम शेंगदाणे, बिया काढलेला 200 ग्रॅम मऊ काळा खजूर, 30 ग्रॅम कोको, दोन मोठे चमचे खोबरेल तेल आणि पाव चमचा मीठ हे प्रमाण जमते. मीठ वगळू नये. कोकोचा कडवटपणा त्याने सौम्य होतो आणि गोडवा वर येतो. अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी घातली तर कॉफीची चव लागत नाही, पण चॉकलेटची खोल होते.

ओव्हन लागत नाही म्हणून भाजणे टाळायचे नसते. ओट्स कोरड्या कढईत मंद आचेवर सहा-सात मिनिटे परतावेत. रंग फारसा बदलत नाही. उलथन्याला लागणारा आवाज मात्र बदलतो: आधी दबका असतो, मग कोरडा, खुळखुळता होतो आणि त्याच सुमारास भाजल्याचा गोडसर वास सुटतो. तिथे गॅस बंद करून ओट्स लगेच ताटात पसरावेत, नाहीतर कढईच्या आचेने तळचे ओट्स करपतात. गार झाल्यावर निम्मे मिक्सरमध्ये एक-दोनदा फिरवून भरड करावेत, निम्मे अख्खे ठेवावेत. भरडीने लाडू बांधला जातो, अख्ख्या ओट्समुळे तो चावायला राहतो.

दाण्यांचे लोणी, म्हणजे पीनट बटर, घरी करणे हा या कृतीतला सर्वांत बघण्यासारखा भाग. शेंगदाणे खरपूस भाजून, सालपटे पाखडून, कोमट असतानाच चटणीच्या भांड्यात घालावेत. कोमट दाण्यांचे तेल लवकर सुटते. पहिल्या अर्ध्या मिनिटात नेहमीचे कूट तयार होते. पुढे कूट ओलसर होऊन भांड्याच्या कडांना चिकटते आणि पाती रिकामीच फिरू लागतात. अनेकजण इथेच घाबरून पाणी घालतात आणि सगळे बिघडते. थोड्याशा पाण्यानेही दाण्यांचा लगदा सैल न होता घट्ट गोळा होतो आणि टिकाऊपणाही जातो. इथे मिक्सर थांबवून कडा खरवडाव्यात, मोटार गार होऊ द्यावी आणि पुन्हा थोडे थोडे फिरवावे. तीन-चार वेळा असे केल्यावर गोळ्यावर चकाकी येते, तो ढिला पडतो आणि मग एकदम वाहता होतो. दाण्यांत जवळजवळ निम्मे तेलच असते. ते पेशींतून बाहेर पडायला वेळ लागतो, एवढेच. विकतचे पीनट बटर वापरले तरी चालते, पण त्यात साखर असेल तर खजूर कमी करावा.

खजूर पाण्यात भिजवण्यापेक्षा पाच मिनिटे वाफवावा. भिजवलेला खजूर पाणी धरून ठेवतो, ते पाणी लाडवात उतरते आणि लाडू लवकर खराब होतो. वाफवलेला खजूर चमच्याने दाबला तरी मोडतो. तो मिक्सरमधून वाटून कढईत घ्यावा. त्यात दाण्यांचे लोणी, चाळलेला कोको, मीठ आणि खोबरेल तेल घालून अगदी मंद आचेवर दोन मिनिटे ढवळावे. कोको कोरडा असताना फिकट दिसतो. तेलात भिजला की मिश्रण गडद तपकिरी आणि तुकतुकीत होते. आता गॅस बंद करून ओट्स घालावेत.

या वेळी मिश्रण सैल, हाताला चिकटणारे वाटते आणि आणखी ओट्स घालण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि भांडे झाकून वीस मिनिटे ठेवावे. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विद्राव्य तंतू असतो. खजुरातला ओलावा शोषून तो चिकट होतो आणि मिश्रण आपोआप आवळून येते. आधीच जास्तीचे ओट्स घातलेले लाडू दुसऱ्या दिवशी भुगा होतात. वीस मिनिटांनी मूठ आवळून पाहावी. बोटांचे ठसे उमटून मुटका अखंड राहिला तर मिश्रण तयार. त्याला चिरा पडल्या तर चमचाभर दाण्यांचे लोणी आणखी घालून मळावे. 25 ग्रॅमचा एक, असे साधारण पंचवीस लाडू होतात. किंचित भाजलेल्या सुक्या खोबऱ्याच्या किसात किंवा तिळात ते घोळवले की एकमेकांना चिकटत नाहीत. वड्या हव्या असल्यास बटर पेपर अंथरलेल्या थाळीत मिश्रण ओतून सपाट बुडाच्या वाटीने घट्ट दाबावे आणि तासभर फ्रिजमध्ये ठेवून कापावे. दाबण्यात कसूर झाली तर वडी सुरीखाली फुटते.

पाकाची पद्धत अमेरिकी कृतीच्या जास्त जवळची आहे आणि वड्या पाडणाऱ्या हाताला ती पटकन साधते. 200 ग्रॅम साखर आणि 15 ग्रॅम कोको आधी कोरडेच एकत्र करावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग 60 मिलिलिटर नारळाचे दूध आणि 55 ग्रॅम खोबरेल तेल घालून मध्यम आचेवर ठेवावे. कडेने बुडबुडे दिसले म्हणजे उकळी आली असे धरू नये. मधोमधसुद्धा ढवळून न मोडणारी उकळी फुटली की तिथून एक ते दीड मिनिट मोजावे. वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकला तर बोटांत धरता येणारी, दाबली की चपटी होणारी मऊ गोळी व्हायला हवी. थर्मामीटर असेल तर तो 112 ते 116 अंश दाखवतो. लगेच गॅस बंद करून 60 ग्रॅम दाण्यांचे लोणी आणि 150 ग्रॅम ओट्स घालून भराभर कालवावे आणि चमच्याने बटर पेपरवर टाकावे. अर्ध्या तासात ते घट्ट होते.

पाक कच्चा राहिला तर वडी बसत नाही आणि मिश्रण चमच्यानेच खावे लागते. पुढे गेला तर कागदावर टाकेपर्यंतच कोरडे ढेकूळ होते. गूळ वापरायचा तर पाक जास्त चिवट होतो. गुळाने सोयाचे दूध फुटण्याची शक्यता असते. तिथे नारळाचे दूध किंवा साधे पाणी घ्यावे. पावसाळ्यात ही पद्धत नकोच, कारण साखर हवेतला दमटपणा ओढून घेते आणि वड्यांना वरून ओल सुटते.

वरून चॉकलेटचा थर द्यायचा असेल तर लहान पातेल्यात थोडे पाणी गरम करून त्यावर चॉकलेटचे भांडे बसवावे. भांड्याचा तळ पाण्याला टेकू नये. वाफेचा एखादा थेंब आत पडला तरी चॉकलेटमधले साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना धरतात आणि गुळगुळीत चॉकलेटचा रवाळ, घट्ट गोळा होतो. तो थरासाठी निकामी. पण जास्तीचे गरम नारळाचे दूध घालून त्याचा दाट सॉस करता येतो. बाजारात लादीने मिळणाऱ्या डार्क कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. ते सहज वितळते आणि चकचकीत थिजते, पण टाळूवर तुपकट थर ठेवते. चवीचा विचार केला तर चकाकी थोडी कमी पडली तरी खरे डार्क चॉकलेटच वापरावे. त्यावर पुढे पांढुरकी झाक आली तर ती बुरशी असतेच असे नाही. बहुधा ते वर आलेले कोको बटर असते आणि खायला हरकत नसते.

खजुराचे लाडू थंडीत बाहेर दोन-तीन दिवस आणि फ्रिजमधल्या हवाबंद डब्यात दोन आठवडे चांगले राहतात. यातला एक लाडू साधारण 110 कॅलरीचा होतो, कारण दाणे, तेल आणि खजूर हे तिन्ही भरीव आहेत. ओव्हन नाही, दूध-तूप नाही म्हणून तो हलका समजू नये. कामाच्या मधल्या वेळेला एक पुरतो. दाण्यांऐवजी तीळ किंवा सूर्यफुलाच्या बिया वाटून घेतल्या तरी लाडू वळतात. तिळाचे किंचित कडसर लागतात. ओट्समध्ये शेतात आणि गिरणीत गव्हाची भेसळ होऊ शकते, म्हणून सीलिॲक आजार असलेल्यांनी ग्लुटेनमुक्त असे स्पष्ट लिहिलेलेच ओट्स घ्यावेत. आणि डबा कुणाकडे पाठवताना वर घटकांची चिठ्ठी जरूर चिकटवावी, कारण कोकोच्या गडद रंगात शेंगदाणा दिसत नाही आणि त्याची ॲलर्जी काहींच्या जिवावर बेतू शकते.