ठेवीदार ग्राहक कीं भागीदार?

बटाट्याची काढणी आटोपून अगर कांद्याची पट्टी हातीं पडून चार पैसे गांठीस आले म्हणजे ते कोठें ठेवावे, हा प्रश्न मंचरच्या पेठेंत नित्य ऐकूं येतो. पुणें-नाशिक रस्त्यांत ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांस तर तो अधिकच भेडसावितो. पिकाचा पैसा बुडाला तर पुढील सालीं पुन्हां पीक येतें. जमिनीचा पैसा मात्र एकदांच येतो.

महसूल खात्याच्या कारकुनींत आमचें आयुष्य गेलें. मागें एक बागाईतदार आमच्याकडे आले. मोबदल्यापैकीं ४ लक्ष रुपये त्यांनीं एका व्यापारी पेढीस दिले होते. दरमहा दर शेंकडा दोन रुपये मिळतील अशी बोली होती. आठ महिने रक्कम आली. नंतर पेढीस कुलूप लागलें. “भाऊसाहेब, आम्ही ग्राहकच कीं! ग्राहक आयोगांत अर्ज लिहून द्या,” असें ते म्हणाले. आम्हीं कागद पाहिला. त्यांत ‘ठेव’ हा शब्द कोठेंच नव्हता. ‘धंद्यांतील भांडवल व नफ्याचा हिस्सा’ असें स्वच्छ लिहिलें होतें.

ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ चा. त्याच्या जागीं २०१९ चा कायदा २०२० च्या जुलैपासून अमलांत आला. दोहोंचें मर्म एकच. पैसे देऊन माल अगर सेवा घेणारा तो ग्राहक. परंतु व्यापारी हेतूनें घेणारा तो ग्राहक नव्हे. येथें शेतकऱ्यास भय वाटण्याचें कारण नाहीं. आपण पीक बाजारांत विकतों, म्हणून बियाणें घेतांना आपण व्यापारी ठरतों, असा युक्तिवाद झाला होता. तो सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं अमान्य केला. निकृष्ट बियाण्याबद्दल शेतकरी ग्राहक म्हणून दाद मागूं शकतो.

पैशाच्या बाबतींत मात्र वाट दुभंगते. बँकेचें काम कायद्यानें ‘सेवा’ मानलेलें आहे. पतसंस्थेंत ठेव ठेवणाराहि ग्राहकच, असें राष्ट्रीय आयोगानें २००१ सालीं ठरविलें. सहकाराचा कायदा निराळा आहे या सबबीवर सोसायटीस ग्राहक आयोग टाळतां येत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २००३ सालीं सांगितलें. तो खटला तामिळनाडूंतील एका शेतकी पतसोसायटीचा होता.

उलट बाजू पाहूं. भाग मिळावे म्हणून नुसता अर्ज करणारा ग्राहक नव्हे, असा निकाल १९९४ सालीं झाला. २०२४ च्या एप्रिलांतील निकाल आपल्या अधिक जवळचा आहे. कर्नाटकांतील एका कापसाच्या भागीदारी पेढींत २००२ सालीं ५ लक्ष रुपये दरसाल दर शेंकडा १८ व्याजानें गुंतविले गेले. सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, नफ्यासाठीं केलेली ही गुंतवणूक म्हणजे व्यापारी व्यवहार होय. त्याची वसुली दिवाणी न्यायालयांत मागावी. व्याजाचा आंकडा ठरलेला असूनहि गुंतवणारा ग्राहक ठरला नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

हा भेद नुसत्या शब्दांचा नाहीं. ५ लक्षांपर्यंतच्या तक्रारीस आयोगांत फी लागत नाहीं, व ५० लक्षांपर्यंतची तक्रार पुण्याच्या जिल्हा आयोगांत दाखल होते. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत गेलें पाहिजे. दिवाणी दाव्यांत स्टँप, वकील व तारखा हीं तिन्ही आलीं.

तथापि ग्राहक ठरलें म्हणजे पैका हातीं आला, असेंहि नव्हे. बुडालेल्या पतसंस्थेच्या संचालकांना व्यक्तिशः जबाबदार धरण्यापूर्वी सहकार कायद्याच्या कलम ८८ खालीं चौकशी व्हावी लागते, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें २०१० सालीं दिला. बँक बुडाल्यास ५ लक्षांपर्यंतच्या ठेवीस विम्याचें कवच असतें. पुण्याच्या रुपी बँकेचा परवाना २०२२ सालीं रद्द झाला तेव्हां त्याचें मोल लोकांस कळलें. पतसंस्थेच्या ठेवीस तें कवच नाहीं.

आमच्या बागाईतदारांस आम्हीं आयोगाचा अर्ज लिहून दिला नाहीं. दिवाणी दाव्याबरोबर १९९९ च्या महाराष्ट्र ठेवीदार संरक्षण कायद्याखालीं पोलिसांकडे फिर्याद देण्यास सांगितलें. त्या कायद्यांत ‘ठेव’ शब्दाचा अर्थ पुष्कळ रुंद आहे, आणि पेढीची मालमत्ता जप्त करून उपजिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याच्या हवालीं करण्याची तरतूद आहे. ते ऐकून घेऊन म्हणाले, “म्हणजे आम्ही पैसे दिले आणि भागीदार झालों, तें आम्हांसच ठाऊक नव्हतें!” दावा अद्याप चालूं आहे.

जमीन घेतांना आपण सातबारा पाहतों, फेरफार पाहतों, बांधावर उभे राहून हद्द पाहतों. तीच जमीन पैशाच्या रूपानें दुसऱ्याच्या हातीं देतांना मात्र कागद न वाचतां सही करतों. पैसे घेणाराचा धंदा ठेवी घेण्याचा आहे कीं माल विकण्याचा, आणि पावतीवर ‘ठेव’ आहे कीं ‘भांडवल’, एवढें तरी आधीं पाहावें. कळत नसेल तर घरांतील शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्यावें. त्यांत कमीपणा नाहीं.