वापरलेल्या युनिटला रुपया

रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्याच्या नाटे-साखरीनाटे भागाचं नाव गेल्या पंधरा वर्षांत वर्तमानपत्रांत झळकलं ते मुख्यतः विजेपायी. खाडीपलीकडे माडबनच्या सड्यावर नियोजित सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॅट; डिसेंबर २०१० मध्ये फ्रेंच अरेवा कंपनीशी करार; १८ एप्रिल २०११ ला नाट्यात पोलिसांचा गोळीबार आणि एका तरुणाचा मृत्यू. जिल्ह्याच्या उत्तरेला तोवर एन्रॉनच्या वीजकेंद्राचं रामायण घडून गेलं होतं, जयगडला कोळशाचा १,२०० मेगावॅटचा प्रकल्प उभा राहत होता. वीज बनवण्याच्या या गदारोळात, तेच काम कमी विजेत करणाऱ्या इथल्या छोट्या कारखानदाराला सरकारने काय देऊ केलं, हा प्रश्न मात्र कोपऱ्यातच राहिला. पुण्यातल्या ‘प्रयास’ संस्थेचे गिरीश संत आणि शंतनू दीक्षित एन्रॉनच्या काळापासून सांगत होते, की नवं वीजकेंद्र आणि बचत यांचा खर्च एकाच ताळेबंदात मांडून बघा. पण बचतीच्या कोनशिलेला मंत्री कुठून मिळणार?

ऊर्जाबचतीचा कायदा झाला २००१ साली. १ मार्च २००२ ला दिल्लीत ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला आणि महाराष्ट्रात ‘महाऊर्जा’ या सरकारी संस्थेकडे अंमलबजावणी आली. २०१२ पासून ‘पॅट’ योजनेत ४७८ मोठ्या उद्योगांना उद्दिष्टं मिळाली. उद्दिष्टापलीकडे बचत करणाऱ्याला बाजारात विकता येणारी प्रमाणपत्रं. ते सिमेंट, पोलाद, खत, औष्णिक वीज वगैरे बड्यांचं जग. किनाऱ्यावरचा बर्फाचा कारखाना, काजूचं युनिट, आंब्याची कॅनिंग फॅक्टरी यांचा त्यात शिरकाव नव्हता.

बर्फाच्या कारखान्याचंच घ्या. मासळीला बर्फ हवा आणि बर्फाला वीज हवी. बिलाचा मोठा हिस्सा अमोनियाचा कॉम्प्रेसर खातो. मिठाच्या पाण्याच्या टाकीचं इन्सुलेशन ओलावलं, कंडेन्सरच्या नळ्यांवर क्षार बसले, मोटर पुन्हापुन्हा रिवाइंड केलेली असली की लादी तेवढीच निघते आणि मीटर जास्त पळतो. यातलं काहीही सुधारायला नवा शोध लागत नाही. पैसे लागतात, आणि कुठून गळतंय हे सांगणारा माणूस.

राज्याच्या २०१३ च्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत नेमकी त्याचीच तरतूद होती. लघुउद्योगाने ऊर्जा लेखापरीक्षण करून घेतलं तर खर्चाचे ७५ टक्के, कमाल २ लाख. बचतीची यंत्रं घेतली तर किमतीच्या ५० टक्के, कमाल ५ लाख. चांगलीच तरतूद म्हणायची. पण त्याच योजनेत रत्नागिरीसारख्या जिल्ह्यातल्या नव्या लघुउद्योगाला वापरलेल्या प्रत्येक युनिटमागे १ रुपया अनुदानही होतं, तीन वर्षं. म्हणजे एका कलमाने वीज वाचवायला सांगायचं आणि दुसऱ्याने जितकी जाळाल तितकं अनुदान द्यायचं. मागास भागात उद्योग यावेत म्हणून ते होतं, हे मान्य. तरी युनिटचा रुपया मीटरवरून आपसूक मोजला जाई. बचतीच्या अनुदानासाठी आधी पदरचे पैसे घालायचे, मग जिल्हा उद्योग केंद्राकडे कागद न्यायचे. कारखानदार कुठे वळेल हे सांगायला तज्ज्ञ नको.

मच्छीमारांच्या डिझेलचंही तेच. करपरतावा मिळतो तो जाळलेल्या लिटरवर. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने २०१६ मध्ये ‘सागर हरिता’ ही कमी इंधन खाणारी नौका पाण्यात उतरवली, पण न जाळलेल्या लिटरवर परतावा मागायची सोय आपल्याकडे झालीच नाही.

या सगळ्यात मला मनापासून आवडलेली सवलत फारच साधी होती: पॉवर फॅक्टरची. कपॅसिटर बसवा, पॉवर फॅक्टर एकाला टेकवा, बिलात ७ टक्क्यांपर्यंत सूट. ना अर्ज, ना खेटे, पुढच्याच बिलावर आकडा छापलेला. तिच्यामुळे कारखान्याची वीज फारशी वाचली नसेल, तारांमधली गळती मात्र कमी होते. राज्याच्या वीज नियामक आयोगाने २०१८ मध्ये ही सूट निम्म्यावर आणली आणि एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांची आकारणीच केव्हीएएच पद्धतीने सुरू झाली, म्हणजे सवलत वेगळी न राहता बिलात मुरली.

आता जुलै २०२५ पासून केंद्राची ‘अदिती’ योजना आली आहे. १,००० कोटींची तरतूद, १४ उद्योगक्षेत्रं, आणि त्यांत चक्क मत्स्यव्यवसाय. ऊर्जाबचतीच्या कर्जावर सूक्ष्म आणि लघुउद्योगांना व्याजात ५ टक्के, मध्यम उद्योगांना ३ टक्के सवलत. अट अशी, की किमान १० टक्के ऊर्जा वाचली पाहिजे. पहिल्या टप्प्यात ६० औद्योगिक समूह. लेखापरीक्षणापासून आखणीपर्यंत मदतीचा पैसाही यात धरलेला आहे.

१० टक्के बचत जुन्या बर्फाच्या कारखान्याला अवघड नाही. अडचण कर्जाच्या हप्त्याची आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बर्फाला गिऱ्हाईक नाही आणि चालू नसलेल्या यंत्रातून बचतही नाही. बारमाही चालणाऱ्या इचलकरंजीच्या यंत्रमागासाठी गुंतवणूक जितक्या महिन्यांत वसूल होते, तितक्यात ती नाट्याच्या बंदरावर होणार नाही. पावसाळ्यातले दोन हप्ते पुढे ढकलण्याची मुभा कर्जाच्या करारात मिळाली, तर ही ५ टक्क्यांची सूट इथल्या कुणाच्या तरी हिशेबात बसेल.