परसातली आगगाडी – भाग ४ : चढ जमिनीचा, रुळाचा नव्हे

दहा मीटर लांबीचं परस मागच्या कुंपणापर्यंत मीटरभर खाली उतरत असेल, तर चालताना त्याचं काही विशेष वाटत नाही. रेल्वेच्या हिशेबात मात्र तो १० ला १ चा चढ झाला. निलगिरीची गाडी कल्लार ते कुन्नूर १२ ला १ चढते, तीही रुळांमधल्या दातेरी पट्टीत चाक अडकवून. दात्यांशिवाय चढणाऱ्या माथेरानच्या गाडीचा सर्वांत अवघड चढ २० ला १ आहे. तुमच्या परसातला उतार या दोन्हींपेक्षा खडा!

म्हणून रूळ विकत घेण्याआधी उतार मोजायचा, आणि तो नजरेनं नाही. गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल पाईप पुरते. नळीत बुडबुडा अडकला तर पातळी बेलाशक चुकते, तेव्हा पाणी सावकाश भरा आणि दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं दिसतंय ना, ते आधी बघा.

बागेतल्या गाड्यांचं ४५ मिमी गेज रुजवलं ते जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीनं, १९६८ साली आणलेल्या एलजीबी गाड्यांमधून. या गाड्या १०० ला २ चा चढ सुखानं चढतात, ३ पर्यंत निभतं, ४ ला डबे कमी करावे लागतात. चढ वळणावर असेल तर हात आणखी आखडता घ्या. तिथे चाकांची कड रुळाला घासते, आणि लांब गाडीतले हलके डबे आतल्या बाजूला ओढले जाऊन कलंडतात.

आता हिशेब करा. १०० ला ३ नं मीटरभर चढायला ३३ मीटर रूळ लागेल. दार्जिलिंगच्या बटासियासारखा वेढा घालायचा, तर वरचा रूळ खालच्या रुळावरून जाताना साधारण २५ सेंटीमीटर उंची हवी. वळणामुळे चढ अडीचच धरला, तर त्यासाठी दहा मीटर रूळ, म्हणजे सव्वातीन मीटर व्यासाचा गोल. परसाच्या लांबीचा तिसरा हिस्सा तिथेच संपला. भोर घाटात १८६३ पासून १९२९ पर्यंत गाडी मध्येच थांबून उलट दिशेनं निघत असे. ही युक्ती जागा वाचवते, पण दर फेरीला सांधा बदलायला माणूस उभा पाहिजे. गाडी सोडून चहा प्यायला बसता येत नाही.

माझं ऐकाल तर मुख्य मार्गाला चढ देऊच नका. रूळ सपाट ठेवा, जमीन खुशाल खाली जाऊ दे. वरच्या अंगाला खिंड खोदा, खालच्या अंगाला कोकणातल्यासारखा कोरडा दगडी गडगा रचा. त्या टोकाला रूळ कमरेशी येतो आणि डबे जोडायला वाकावं लागत नाही. चढाची हौस एखाद्या छोट्या फाट्यावर भागवावी.

पावसाळ्यात मात्र वरचं सगळं पाणी खिंडीत उतरणार. ते अडवून बाजूला काढायला खिंडीच्या वरच्या कडेनं चर हवा. गडग्याच्या फटी सिमेंटनं बुजवू नका, नाहीतर मागे पाणी साचून भिंतच पुढे येईल. रुळाखाली टोकदार बारीक कच टाका. गोल गोटे एकमेकांत बसत नाहीत, सरकतात. आणि रूळ काँक्रीटला स्क्रूनं आवळण्याच्या भानगडीत पडू नका. तीस अंशांच्या फरकानं दहा मीटर पितळी रूळ साडेपाच मिलीमीटरनं वाढतो, त्याला खडीत हलायला मोकळीक लागते.

पुढच्या आठवड्यात गडग्याऐवजी पूल कुठे परवडतो, ते पाहू.