रथांत श्वानास जागा

महाप्रस्थानिक पर्वांतील शेवटची कथा आमच्या वाचकांस विदित आहेच. इंद्र स्वतः रथ घेऊन आला असतां, सोबत आलेल्या कुत्र्यास टाकून त्यांत पाऊल ठेवण्यास धर्मराजानें नकार दिला. ही कथा आम्हीं वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविली. परंतु तसा रथ आमच्याच दारीं उभा राहील, असें मात्र मनांत आलें नव्हतें.

आमचा पुतण्या सुटीच्या दिवशीं साताऱ्याहून सांगलीस मोटार नेतो. अंतर सुमारें सव्वाशें किलोमीटर. मागच्या बैठकीवर पिंजरा, आणि पिंजऱ्यांत मोटारीखालीं सांपडून बरें झालेलें एखादें कुत्रें, नाहीं तर आईवेगळीं पिलें. सांभाळणारी मंडळी सांगलीस, निराधार जीव साताऱ्यास. मधला रस्ता कोणी चालावयाचा, एवढाच प्रश्न असतो. मोबदला कांहीं नाहीं, पेट्रोल पदरचें.

सांगलीस ह्या कामाची ओळख आहे. ‘ॲनिमल राहत’ ही संस्था तेथें २००३ पासून मुख्यतः बैल, गाढवें ह्यांची शुश्रूषा करीत आली आहे. विहिरींत पडलेलीं कुत्रींही ती बाहेर काढते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत आयर्विन पुलापाशीं कृष्णामाई ५७ फुटांवर चढली. धोक्याची पातळी तेथें ४५ फूट! माणसें नावेंत बसून निघालीं, मुकीं जनावरें मागें राहिलीं. सातारकरांनींही ह्या बाबतींत नाक मुरडूं नये. शाहू छत्रपतींच्या लाडक्या कुत्र्याची समाधि संगम माहुलीस आजही आहे.

तथापि आमच्या घरीं प्रथम वादळ झालें. “ज्या मोटारींतून गौरीचे मुखवटे यावयाचे, तींत कुत्रें?” असें वहिनींनीं विचारलें. सोवळ्याची शंका आम्हांस तितकीशी वाटली नाहीं. पण घरांत लहान मुलें आहेत, हा त्यांचा दुसरा मुद्दा हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. रेबीजचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं, कीं रोगी बहुधा वांचत नाहींच. म्हणून लस दिलेली नसेल तें कुत्रें आमच्या मोटारींत चढत नाहीं. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियमही शहाणपणाचे आहेत : पशुवैद्याचा दाखला हवा, निघण्यापूर्वीं खाणेंपाणी व्हावें, चावऱ्या कुत्र्यास मुसकें बांधून निराळ्या पिंजऱ्यांत न्यावें.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. आपल्या आळींतलें नकोसें कुत्रें उचलून परगांवीं सोडणें ह्यास कित्येक सद्गृहस्थ भूतदया समजतात. ती दया नव्हे, बला टाळणें होय. अनोळखी आळींत त्या जीवाचे लचके तोडले जातात. २०२३ च्या नियमांप्रमाणें रस्त्यावरील कुत्र्याची शस्त्रक्रिया व लसीकरण करून त्यास मूळ जागींच सोडावयाचें असतें. शाळा, रुग्णालयें, स्थानकें अशा आवारांपुरता सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२५ मध्यें निराळा आदेश दिला आहे. म्हणून पलीकडे घेणारा निश्चित झाल्यावांचून पुतण्या किल्ली फिरवीत नाहीं. ह्या पायीं दोन वेळां त्यास नाहीं म्हणावें लागलें, आणि त्या दोन्ही दिवशीं तो नीट जेवला नाहीं.

गेल्या माघांत एक लंगडी कुत्री न्यावयाची होती. पहांटे कडाक्याची थंडी. वहिनी स्नान करून बाहेर आल्या, हातांत जुनी गोधडी. ती त्यांनीं पिंजऱ्याला हात न लावतां वरूनच सोडली आणि म्हणाल्या, “हिला पांघर. आणि परत आणूं नकोस हो, तिच्यापाशींच राहूं दे.”